तीनशे बारा माशांचे खरे कारण

हे आधी लिहिते, कारण खालच्या कलमांना त्याशिवाय अर्थ नाही. घटना मंगळवार, ८ एप्रिल २०२५ची आहे.

१. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळमजल्यावर माझे मत्स्यपालन आहे. चार टाक्या, सहा हजार लिटर पाणी, त्या दिवशी चारशे दहा तिलापिया मासे. माशांचे पाणी खडीच्या वाफ्यांतून फिरते. खडीवरचे जिवाणू माशांच्या घाणीचे खत करतात, पालेभाज्या ते खत घेतात आणि स्वच्छ पाणी माशांकडे परत येते.

२. त्या आठवड्यात पाण्याचा सामू ५.९ होता. पाणी आंबट आहे की क्षारी, हे सांगणारा आकडा म्हणजे सामू. सात म्हणजे मध्यम. इतक्या आंबट पाण्यात जिवाणू सुस्तावतात. त्यामुळे अमोनिया साचत जाऊन लिटरला आठ मिलिग्रॅम झाला होता.

३. आंबट पाण्यात हा अमोनिया माशांना फारसा बाधत नाही. पाणी क्षारी झाले की त्याचेच विष होते. हे मला माहीत होते. त्याचा तक्ता मीच काढून भिंतीवर लावला आहे.

४. आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, जे रोज माशांना खाद्य घालत, सांगून ठेवले होते: रोज दोन चमचे चुना, जास्त नाही, महिनाभर.

५. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वसतिगृहाच्या भोजनगृहाच्या व्यवस्थापिका पुरवठ्याच्या करारासाठी पाहणीला येणार होत्या. त्यांच्या अर्जात सामूचा रकाना होता: ६.५ ते ७.५. अमोनियाचा रकाना नव्हता.

६. दुपारी एक वाजता मी दोनशे चाळीस ग्रॅम चुना पाण्यात कालवून एकदम ओतला.

७. दोन वाजता सामू ८.९ होता.

८. मी अर्धे पाणी बदलले, आम्ल घातले. साडेपाच वाजता सामू ७.४ झाला. अर्जात बसणारा. तोवर तीनशे बारा मासे मेले होते.

९. सहा वाजता आतोबा आले. मी त्यांना विचारले, "सकाळी खाद्य किती घातलंत?"

१०. व्यवस्थापिकांना द्यायच्या अहवालात मी मृत्यूचे कारण लिहिले: अतिरिक्त खाद्य. नोंदवहीतले त्या दिवसाचे पान मी नव्याने लिहिले.

आता मृत्युपत्र.

मी, वय वर्षे एकतीस, अविवाहित, जलशुद्धीकरणाची पदविकाधारक, वरील मत्स्यपालनाची एकटी मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. मी शुद्धीत आहे. उपाशीही आहे, कारण सकाळी रक्त द्यायचे होते. शुक्रवारी, १३ मार्चला, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ती नीट मिटत नाही आणि पुढे गेलेले रक्त मागे येते. धोका शंभरात दोन, असे सर्जननी सांगितले. शंभरात दोनची शक्यता असली तरी मी जादा पंप ठेवते, म्हणून हे मृत्युपत्र. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. शनिवारी केलेला मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम ९ मध्ये आहे.

कलम १. राहते घर. आईवडिलांच्या मागे जो फ्लॅट दादाच्या आणि माझ्या नावावर झाला, त्यातला माझा अर्धा हिस्सा दादाला द्यावा. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतली माझी पुदिना लावलेली पाण्याची नळी "तात्पुरती" काढून चार वर्षे झाली. ती माळ्यावर आहे. परत लावली तर बरे; सक्ती नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक आत्याला द्यावी. तिने ती घरखर्चात घालू नये. ती घालणारच, तरी लिहून ठेवते. मी अकरावीत असताना माझ्या पहिल्या टाकीसाठी तिने आपली भांड्यांची मांडणी रिकामी करून दिली आणि सहा महिने भांडी जमिनीवर ठेवली. "मासे उभे राहतात का गं? मग त्यांना उंचावर कशाला ठेवायचं?" असे रोज विचारत होती. पण मांडणी परत मागितली नाही.

कलम ३. उपकरणे. प्राणवायूमापक आणि पाणी तपासण्याच्या पेट्या मी जिथे शिकले त्या संस्थेला द्याव्यात. सामूमापकही द्यावा, पण त्याच्या पेटीला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती काढू नये. चिठ्ठीवर लिहिले आहे: "एका वेळी एकच आकडा पाहू नका." तिथे मी दोन वर्षे नव्या मुलींना हेच शिकवत होते. माझ्या तासाला त्या वैतागायच्या, कारण उत्तर बरोबर असले तरी मी पद्धतीचे गुण कापायचे. आता त्यांनी माझे किती कापावेत, ते त्यांच्यावर सोपवते.

कलम ४. नोंदवह्या. एकूण अकरा. नवव्या वहीत ८ एप्रिलचे जे पान आहे ते खोटे आहे. खरे पान सामूमापकाच्या पेटीत, स्पंजाखाली आहे. ते मी वहीतून सोडवले, नष्ट केले नाही, पण त्याचे श्रेय मला घेता येत नाही. नोंद नष्ट करायची नाही, ही हाताची सवय आहे. मन त्यात नव्हते. खऱ्या पानावर दुपारी एक ते साडेपाचचे सगळे आकडे आहेत, चुन्याचे वजनही आहे. ते आतोबांना द्यावे.

कलम ५. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल. कायद्याला त्याची गरज नाही.

आतोबांचे चाळीस वर्षे रंगीत माशांचे दुकान होते. त्यांना सामू हा शब्द आवडत नाही. ते बोट बुडवून वास घेतात आणि "आंबलंय" किंवा "बरंय" म्हणतात. दोन वर्षांत त्यांचा अंदाज आणि माझा मापक यांच्यात मी सतरा वेळा तफावत नोंदवली. त्यांतल्या अकरा वेळा मापक पुन्हा जुळवून घ्यावा लागला. हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

त्या मंगळवारी सकाळी ते म्हणाले होते, "आकडा आंबलाय, मासे नाहीत आंबले. खातायत बघ कसे, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे."

मी म्हणाले, "आतोबा, उद्या त्या बाई येणार आहेत. त्या मासे बघणार नाहीत, आकडा बघणार."

"मग त्यांना सांग, महिन्यानं या."

"असं नसतं हो."

"पाण्यात असंच असतं," ते म्हणाले आणि माशांना आणखी एक मूठ खाद्य घालून घरी गेले. ती मूठ मी पाहिली होती. उपाशी माशांनी एका मिनिटात संपवली. तिने काहीही बिघडले नाही.

संध्याकाळी ते आले तेव्हा मेलेले मासे मी चार घमेल्यांत भरून ठेवले होते. ते घमेल्यांजवळ उकिडवे बसले. मी खाद्याचा प्रश्न विचारला. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "एक मूठ जास्तीची घातली गं. घालायला नको होती का?"

मी नोंदवही उघडली.

मी खोटे बोलले नाही, फक्त एक प्रश्न विचारला, असे मी अकरा महिने स्वतःला सांगत आले. पण ज्या प्रश्नाचे उत्तर माहीत असते तो मी कामात कधी विचारत नाही. त्यात वेळ जातो. तो प्रश्न मी विचारला, कारण त्यांचे उत्तरही मला माहीत होते.

बुधवारी व्यवस्थापिका आल्या. आकडा पाहिला, उरलेले अठ्ठ्याण्णव मासे पाहिले, अहवाल वाचला. म्हणाल्या, "प्रामाणिकपणे लिहिलंयत, हे मला आवडलं. पण आजोबांना आता घरी बसू दे. खाद्य प्रशिक्षित माणसानंच घालायचं, तेवढी अट टाकते." मी सही केली. आतोबांकडे मी गाळ्याची किल्ली मागितली नाही. त्यांनीच ती जुडग्यातून सोडवली आणि टेबलावर ठेवली. नखाने कडी उघडेना तर माझ्याकडून पकड मागून घेतली. मी पकड दिली.

कलम ६. दादासाठी सूचना. त्या वर्षीच्या घरच्या एका जेवणात आतोबा भात वाढायला उठले, तेव्हा दादा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली की तीनशे बारा माशांची!" सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून हा घरचा ठरलेला विनोद आहे. आतोबा स्वतःही तो करतात. पाहुण्याला साखर वाढताना "माझ्या हाताला देऊ नका बरं" म्हणतात. दादाने हा विनोद जितक्या लोकांसमोर केला, तितक्याच लोकांसमोर वरील दहा मुद्दे वाचून दाखवावेत. जेवणाआधी वाचावेत, जेवणानंतर कोणी ऐकत नाही.

कलम ७. माझ्यामागे देहाचे काय करायचे ते दादाने ठरवावे. भाषणे नकोत. "हुशार होती" असे कोणी म्हणू नये.

कलम ८. मत्स्यपालन. गाळ्याचा करार, टाक्या, वाफे, पंप, बियाणे आणि आज असलेले तीनशे शहाऐंशी मासे आतोबांना द्यावेत. भरपाई म्हणून देत नाही. हे काम त्यांना येते म्हणून देते. त्यांना नको असेल तर जबरदस्ती नाही.

खाद्य सध्या यंत्र घालते. आत्या एकदा डबा घेऊन आली होती, तेव्हा ते पाहत उभी राहिली. "याला कळतं का गं, कोण जेवलं आणि कोण रुसलं ते?" मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "मग ह्यांना बोलाव की. चाळीस वर्षं घरात माशांचा वास, मी नाक मुरडून जगले. आता ह्यांनी होते ते मासे वाटून टाकले, काचेची टाकी पुसून माळ्यावर टाकली, आणि मला घरात करमेना. माणूस खुर्चीत बसून हात बघत असतो. तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतात ते."

मी "बोलते" म्हणाले. ऑगस्टमधली गोष्ट. बोलले नाही.

काम घेतले तर लक्षात ठेवण्याच्या गोष्टी: तिसऱ्या टाकीचा पंप सुरू होताना कण्हतो, तो बिघाड नाही. पालकाच्या वाफ्यातली खडी डाव्या कोपऱ्यात तुंबते, दर पंधरा दिवसांनी हाताने हलवावी. टोमॅटोची पाने पिवळी पडली तर लोह कमी आहे; निळ्या डब्यातले अर्धे माप. चुना रोज दोन चमचे. हे शेवटचे वाक्य त्यांना मी सांगणे हास्यास्पद आहे, पण सूचना अपुऱ्या ठेवायच्या नाहीत.

मृत्युपत्राची अंमलबजावणी आत्याने करावी. ती कोणाच्याही आकड्यांना भुलत नाही.

कलम ९. आधीचा मसुदा रद्द करण्याचे कारण.

शनिवारी साक्षीदार म्हणून मी दोघांना गाळ्यात बोलावले. पहिला साक्षीदार आमचा प्लंबर. इथली प्रत्येक नळी त्याने जोडली आहे. दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या गाळ्यातल्या दातांच्या डॉक्टर. त्या आल्या आल्याच म्हणाल्या, "मन ठिकाणावर आहे असं मी लिहून देते, पण मी फक्त दाढा तपासल्यात हं तुझ्या."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देणे योग्य नाही, हे मी प्लंबरला समजावले. तो म्हणाला, "सुटलो. नाहीतर तो कण्हणारा पंप माझ्याच गळ्यात मारला असता तुम्ही." मग ऑपरेशन कसले ते त्याने विचारले. मी सांगितले. "म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय," तो म्हणाला. "बदलून घ्या. त्यात काही नाही." सर्जनच्या अर्ध्या तासापेक्षा मला हे जास्त पटले.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. पण माझे अक्षर मोठे आहे आणि त्याला वाचायची सवय आहे. सही करायला वाकला आणि तिथेच थांबला. वर दिलेल्या दहा मुद्द्यांचे पान उघडे होते.

"ताई, हे म्हाताऱ्या बाबांना कळणार कधी?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र तेव्हाच उघडतात."

"आणि नाही गेलात तर?"

मी सहीची जागा त्याला बोटाने दाखवली.

"नाही म्हणजे, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा तर तुम्ही परत येणार. मग हे कपाटात, आणि बाबा खुर्चीत. तसंच ना?"

डॉक्टर म्हणाल्या, "अहो, सही करा ना, पेशंट बसलाय माझा." पण त्यांनीही पेन खाली ठेवले होते.

मी सगळ्या शक्यता मोजल्या होत्या, असे मला वाटत होते. मी जगण्याची शक्यता मोजली नव्हती. खरे तर मोजली होती आणि त्यावर विसंबून होते: मेले तर कबुली, जगले तर कपाट. दोन्हींत मला त्यांच्या समोर उभे राहावे लागत नव्हते. दुसऱ्याच्या तोंडून चूक वदवून घ्यायची आणि स्वतः लांब उभे राहायचे, हे मी ८ एप्रिलला केले होते. शनिवारच्या मसुद्यात तेच केले होते, फक्त जास्त चांगल्या भाषेत.

म्हणून शनिवारी सह्या घेतल्या नाहीत. काल रविवारी दादाला फोन करून दहाही मुद्दे सांगितले. त्याने चुन्याचे वजन पुन्हा विचारले. मग म्हणाला, "मग मी अकरा महिने कशावर हसत होतो?" मी म्हणाले, "माझ्यावर हसायला हवं होतंस." त्याने फोन ठेवला. आज सकाळी परत करून फक्त एवढेच विचारले, "शुक्रवारी किती वाजता पोचायचं दवाखान्यात?"

व्यवस्थापिकांना आज दुरुस्तीचे पत्र स्वतः नेऊन दिले, खऱ्या पानाच्या नकलेसह. त्यांनी ते दोनदा वाचले. म्हणाल्या, "मागच्या वेळी मी तुम्हाला प्रामाणिक म्हणाले होते." मी म्हणाले, "हो. तेही दुरुस्त करा." पुरवठा चालू ठेवायचा की नाही ते त्या कळवतील. प्रशिक्षित माणसाची अट त्यांनी माझ्यासमोर खोडली.

या मृत्युपत्राची एक नक्कल मी आज संध्याकाळी आतोबांच्या हातात देणार आहे. ते वाचेपर्यंत समोर बसणार आहे. चष्मा सापडला नाही तर मी वाचून दाखवणार आहे. ते पान आत्याने त्यांना वाचून दाखवावे असे मला वाटत होते. तोही लांब उभे राहण्याचाच प्रकार आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी माझी आद्याक्षरे आहेत.

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हा दोघांच्या समोर तिने सही केली आणि तिच्या समोर आम्ही केली:

साक्षीदार १: प्लंबर (सही). "मजकूर वाचला. बरा आहे."
साक्षीदार २: दंतवैद्य, शेजारचा गाळा (सही). "मन ठिकाणावर आहे. शनिवारपेक्षा जास्त."

स्थळ: जुन्या छापखान्याचा तळमजला, टाक्यांची खोली
दिनांक: सोमवार, ९ मार्च २०२६

आतोबांच्या नकलेसोबत:

आतोबा, मी जगले तरी तीन आठवडे गाळ्यात येऊ शकणार नाही. यंत्र खाद्य घालेल, पण पाणी पाहणारे कोणी नाही. शुक्रवारपासून तुम्ही पाहाल का, एवढेच विचारते. कलम ८ त्यानंतरचे आहे, त्याचा विचार आत्ता करू नका. तुम्ही "हो" म्हणालात म्हणजे झाले गेले विसरलात, असे मी धरणार नाही. "नाही" असेल तर "नाही" कळवा. गुरुवारी मासे संस्थेच्या टाक्यांत हलवायला गाडी सांगेन, त्याला एक दिवस लागतो. बोलायचे नसेल तर चिठ्ठी आत्याकडे द्या. बुधवार, ११ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावे, ही विनंती.